नऊशेवं पाऊल

"बाईनु, आज दुतिया हा," शेवंती म्हणाली. "दीड वाजता भरती. खडपावर जावचा तर नवाच्या आत परतूक व्हया."

मी तेव्हा वाळूत भोपळा बसवत होते. भोपळा म्हणजे सूर्य. गावातल्या एका परसातून चांगला वीतभर रुंदीचा निवडून आणला होता आणि तो सारखा कलंडत होता. साहेब नऊला येणार होते, आठ वाजून गेले होते आणि माझी अकरा मुलं ग्रह व्हायची सोडून शंखशिंपले वेचत होती. अशा वेळी एक दहा वर्षांची पोर बोटांच्या पेरांवर तिथी मोजत मला वेळ सांगते म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"शेवंती, पंचांग घरी ठेवायचं. इथं विज्ञान चाललंय," मी म्हटलं. पोरं हसली. शेवंतीनं बोटं मिटली.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलातली. हनुमान जयंती होऊन दोनच दिवस झाले होते आणि शाळा सकाळची होती. मी, मंदाकिनी वायाळ, मेहकरकडची, वय चोवीस, कोकणातल्या नांदवेळ नावाच्या मच्छीमार गावात मास्तरीण म्हणून येऊन चौदा महिने झालेले. नेमणुकीच्या दिवसापर्यंत मी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. इथलं बोलणं समजायला चार महिने गेले, माशाचा वास सोसायला आठ. आणि बदलीचा अर्ज मात्र मी दुसऱ्याच महिन्यात लिहून ट्रंकेत ठेवला होता.

तो अर्ज पुढे सरकवायचा तर विस्तार अधिकाऱ्यांचं चांगलं मत हवं. विस्तार अधिकारी कामतेकर साहेब विज्ञानाचे शौकीन. म्हणून मी डोकं लढवलं. सूर्यमालेचा तक्ता भिंतीवर असतो, त्यात सगळे ग्रह एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि ते साफ खोटं असतं. आपण खरी अंतरं दाखवायची. नांदवेळला एवढा लांबलचक किनारा आहे, तो दुसऱ्या कुठल्या शाळेकडे आहे?

माझं एक मोठं पाऊल म्हणजे पन्नास लाख किलोमीटर. सूर्य भोपळ्याएवढा, तर पृथ्वी तीस पावलांवर ठेवलेला मोहरीचा दाणा. गुरू एकशे छप्पन्न पावलांवरची सुपारी. शनी दोनशे सत्त्याऐंशीवर, जरा लहान सुपारी. युरेनस पाचशे पंचाहत्तर पावलांवर, वाटाणा. नेपच्यून नऊशे पावलांवर, तोही वाटाणाच. तेव्हा ग्रह नऊ होते, पण प्लूटो खाडीच्या पलीकडच्या गावात पडत होता म्हणून आम्ही त्याला सोडून दिला. पुढे मोठ्या शास्त्रज्ञांनीही सोडला, तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.

हे सगळं मी बारा दिवस आधी, एका शनिवारी शाळेला सुट्टी होती म्हणून, पायानं मोजून ठेवलं होतं. सकाळी आठ ते अकरा मी एकटी त्या वाळूवर हिंडत होते आणि पाणी दूरवर पडून होतं, हललंसुद्धा नाही. नऊशेवं पाऊल बरोबर खडपावर पडलं. खडप म्हणजे किनाऱ्याच्या टोकाला खाडीच्या तोंडाशी असलेला काळा, बसका कातळ. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे वाळूची एक मान होती, तिच्यावरून मी चालत गेले आणि चालत आले. मनात म्हटलं, ठरलं, सकाळी आठ ते अकरा वाळू मोकळी असते. आमच्याकडे धरणाचं पाणी ठरलेल्या वेळी सोडतात, तसंच हेही असणार, अशी माझी समजूत.

"बाईनु, चंद्र खय हा?" शेवंतीनं पुन्हा तोंड उघडलं. तिला गप्प बसणं जमत नसे.

"चंद्र पृथ्वीपासून चार बोटांवर येईल. पण एवढा बारीक दाणा आपल्याला मिळणार नाही, आज चंद्र नको," मी म्हटलं. "आणि तुला एवढं बोलायचंच आहे ना, मग तू नेपच्यून हो. जा खडपावर. तुळसाला घेऊन जा."

तुळसा ही वरच्या वाडीतल्या सुताराची मुलगी. भित्री, बारीक, आणि पाण्याच्या गावात राहून पोहता न येणारी. दोघी पाटी घेऊन निघाल्या. मी सगळ्यांना बजावलं, "शिट्टी वाजल्याशिवाय कुणीही जागा सोडायची नाही. ग्रह जागा सोडत नसतात!" हे वाक्य मला फार आवडलं होतं. साहेबांसमोर पुन्हा म्हणायचं ठरवून ठेवलं होतं.

साडेआठला सूर्यमाला उभी राहिली. सुरूच्या बनाखाली भोपळा धरून एक मुलगा, पुढे बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ जवळजवळ, मग लांब गुरू, आणखी लांब शनी, मग युरेनसची पाटी धरलेले बाबलो आणि त्याचा मित्र, आणि पार टोकाला खडपावर दोन ठिपके. ते दृश्य पाहून मला खरंच भरून आलं. भिंतीवरच्या तक्त्यात कधी न दिसलेलं ते रितेपण माझ्यासमोर पसरलं होतं.

नऊ वाजले. साहेब आले नाहीत.

सव्वानऊला खडपावरचा एक ठिपका हलला. शेवंती पाटी डोक्यावर धरून इकडे-तिकडे हलवत होती. मग ती उतरून किनाऱ्याकडे यायला लागली. मी चिडले. साहेब कुठल्याही क्षणी येतील आणि माझा नेपच्यून फिरायला निघाला! मी दोन्ही हात वर करून तिला मागे जायची खूण केली. ती थांबली. मी पुन्हा हात झटकले. ती मागे वळली आणि खडपावर जाऊन उभी राहिली. त्यानंतर तिनं पाटी हलवली नाही.

साहेब पावणेदहाला स्कूटरवरून आले. मी पाठ केलेलं सगळं घडाघडा सांगितलं. पृथ्वीचा मोहरीचा दाणा पाहून ते इतके खूश झाले की त्यांनी तो चष्मा काढून पाहिला. मग दूर नजर टाकत म्हणाले, "उत्तम, वायाळबाई, फारच उत्तम! पण त्या शेवटच्या दोघी पाण्यात कशाला उभ्या केल्यात?"

मी पाहिलं. वाळूची मान नव्हतीच. खडप आणि किनारा यांच्यामधे पाणी हेलकावत होतं आणि कातळही अर्धा उरला होता.

"माय वं!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. मी शिट्टी फुंकली. लाटांच्या आवाजात ती गुरूपर्यंतसुद्धा पोचली नसेल. शिट्टी तिथवर ऐकू जाते की नाही हे मी कधी तपासलंच नव्हतं. मग मी धावत सुटले. जी नऊशे पावलं मी एवढ्या कौतुकानं मोजली होती, ती संपता संपेनात. वाटेत बाबलो पाटी धरून तसाच उभा, घोट्यापर्यंत पाण्यात.

"अरे, सांगितलं का नाहीस?"

"शेवंतीन सांगितल्यान ना तुमका," तो रडवेला होऊन म्हणाला. "आणि तुमीच म्हणालास, हलूचा नाय."

मी साडीसकट पाण्यात शिरले. गुडघे, मग कंबर. एका लाटेनं माझे पाय जमिनीवरून उचलले आणि मी तोंडावर पडले. खारट पाणी नाकातोंडात गेलं. उठून पाहते तर खडपाच्या सगळ्यात उंच ढेपेवर तुळसा बसलेली, आणि शेवंती तिच्या पुढ्यात लाटांकडे पाठ करून उभी, पाणी तिच्या मांड्यांना लागत होतं. तिला पोहता येत होतं. एकटीच असती तर ती केव्हाच पार झाली असती.

"मागे सरा, बाईनु! पेवक येता तुमका?"

हाक खाडीच्या बाजूनं आली; मला पोहता येत नव्हतं. तिकडून होडी येत होती. बांबूनं तळ रेटत शेवंतीची आई भागीरथी उभी होती. ती आणि वाडीतल्या दोघी बायका रोज ओहोटीला खाडीच्या तोंडाशी वाळूत तिसरे, म्हणजे खायचे शिंपले, वेचायला जात. भरतीचं पाणी चढू लागलं तशा त्या परत निघाल्या होत्या, आणि त्यांनी पाहिलं. त्यातली एक बाई होडीतून पाण्यात उतरली आणि माझ्या दंडाला धरून तिनं मला मागे ओढलं. भागीरथीनं होडी खडपाला लावली नाही, लाटेनं आपटली असती. हातभर अंतरावर तोलून धरली आणि ओरडली, "तुळसाक आधी!" शेवंतीनं तुळसाला उचलून होडीत ढकललं आणि मग स्वतः उडी मारली. सगळं चार-पाच मिनिटांत संपलं. ती चार-पाच मिनिटं मला आजही कधीमधी स्वप्नात दिसतात.

किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या भागीरथीनं पोरीच्या थोबाडीत मारली.

"दर्याची पोर तू! दुतियेक खडपावर रवलस? दुसऱ्याच्या चेडवाक घेवन? तुझ्या बापाशीन तुका ह्याच शिकवल्यान?"

शेवंती गालावर हात धरून उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग शाळेच्या पडवीत बैठक बसली. मुख्याध्यापक रजेवर होते, त्यामुळे सगळा भार माझ्याच डोक्यावर. तुळसाचे वडील रंधा हातात तसाच घेऊन धावत आले होते. वाडीतली पंधरा-वीस माणसं अंगणात उभी. साहेबांनी वही उघडली. त्यांचा चेहरा आता विज्ञानप्रेमी राहिला नव्हता.

"मुलींना तिथं किती वेळ थांबायला सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शेवंती बोलली.

"बाईनी सांगितलेला, नवाक परत येवा म्हणान. आमीच खेळत रवलव."

तुळसानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. साहेबांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनाही हे उत्तर सोयीचं होतं. त्यांनी लिहायला सुरुवात केली. "विद्यार्थिनींनी सूचनेचे पालन न केल्यामुळे..." असं ते पुटपुटत होते.

मी गप्प बसले. हे मी लपवणार नाही. नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू, हा पहिला विचार. बदली आता होईल की नाही, हा दुसरा, आणि त्याची मला आजही लाज वाटते. किती वेळ गप्प होते ठाऊक नाही, पण साहेबांच्या दोन ओळी लिहून झाल्या होत्या. तेवढ्यात माझं लक्ष भागीरथीकडे गेलं. ती खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पोर वाचली तेव्हा ती रडली नव्हती. आपल्या पोरीला पाण्याची वेळ कळली नाही, आणि तीही सगळ्या वाडीसमोर, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. शेवंतीच्या गालावर बोटं उमटली होती.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "ती खोटं बोलतेय."

"विचार करून बोला, वायाळबाई. मी लिहून घेतोय."

"लिहा. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं मला सांगितलं होतं. आज द्वितीया आहे, दीडला भरती आहे, नवाच्या आत परत यायला हवं. मी सगळ्यांसमोर तिची टर उडवली. सव्वानऊला ती परत यायला निघाली, तर मीच हातानं खूण करून तिला मागे धाडलं. तिची काही चूक नाही. ती तिथं थांबली, कारण मी थांब म्हटलं, आणि तुळसाला पोहता येत नाही म्हणून."

भागीरथीनं पदरानं तोंड पुसलं. सावकाश चालत शेवंतीपाशी गेली. मघाशी मारलं होतं त्याच गालावर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं विचारलं, "कित्या खोटा बोललस गो?"

"बाईची नोकरी जायत म्हणान," शेवंती म्हणाली. "मगे आमका कोण शिकवतला?"

तोवर मी रडले नव्हते. आता मात्र मला आवरलं नाही. चौदा महिने ज्या गावातून पळून जायचा अर्ज मी ट्रंकेत जपून ठेवला होता, त्या गावची एक पोर मी जाऊ नये म्हणून आईचा मार खाऊन उभी होती.

साहेबांनी वही मिटली. "पालकांची लेखी तक्रार असेल तर मला पुढे पाठवावी लागेल. निलंबन होईल. बोला."

तुळसाच्या वडिलांनी रंधा या हातातून त्या हातात घेतला. "भागीरथी म्हणात ता," ते म्हणाले. "माझा चेडू तिनाच पाण्याभायर हाडल्यान."

सगळे भागीरथीकडे पाहू लागले. मी मनातल्या मनात सामान बांधायलाही लागले होते.

"तक्रार कसली करतलंय?" ती म्हणाली. "बाईंका पाणी ठावक नाय, त्याका कागद काय करतलो? फाल्यापासून बाईनी माझ्यावांगडा तिसऱ्यांक येवचा. पंधरा दिवस. एक दिवस चुकवचो नाय."

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी मला सक्त ताकीद लिहून दिली, बदलीची शिफारस करणार नाही असंही तोंडी ऐकवलं आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पाण्याला शाळेची घंटा ठाऊक नसते, ते रोज उशिरा सरतं. त्या मानानं कधी शाळेआधी, कधी शाळा सुटल्यावर आम्ही जात असू. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, टोपली कमरेला बांधून मी खाडीच्या तोंडाशी चिखलवाळूत उभी राहिले. तिसरे पायाच्या बोटांनी चाचपायचे असतात. पहिल्या दिवशी मला सात मिळाले आणि त्यातले तीन मेलेले निघाले. बायका हसून हसून बेजार झाल्या. शेवंती माझी मास्तरीण. "तिथी सांगा," ती म्हणायची. "तृतीया." "पाऊणपट?" "सव्वादोन." "मगे भरती कधी?" "सव्वादोनला." "आणि ओहोटी?" इथं मी अडकायची. सहा तास मागे जायचं की पुढे, त्यात माझा गोंधळ उडे आणि ती कपाळावर हात मारी. आपण वर्गात असंच करतो हे तिच्याकडे पाहून मला कळलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकापासून. एवढा साधा हिशेब. त्या शनिवारी, बारा दिवस आधी, पंचमी होती. भरती पावणेचारला, म्हणून सकाळभर पाणी हललं नव्हतं. आणि गंमत म्हणजे 'चंद्राच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी होते' हे वाक्य मीच फेब्रुवारीत फळ्यावर लिहिलं होतं, मुलांकडून पाच वेळा लिहवून घेतलं होतं.

रविवारी आम्ही सकाळीच गेलो. साडेआठ झाले होते. समोर समुद्रावर, पश्चिमेला, फिकट चंद्र होता. टोपली अर्धी भरली तशी भागीरथी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाईनु, एक विचारू? शेवंती म्हणता, तो चंद्र पाण्याक ओढता. येळ माका ठावक हा, माझ्या आवशीकय ठावक होती. पण कित्या, ता कोणी सांगूक नाय."

मी वाळूत बोटानं पृथ्वी काढली, भोवती पाणी काढलं, चंद्र काढला. चंद्र डोक्यावर येतो तेव्हा आपल्याकडचं पाणी त्याच्याकडे फुगतं, म्हणून भरती. तो आता समुद्राला टेकायला आलाय, म्हणून आत्ता ओहोटी. भागीरथी वाकून पाहत राहिली. मग तिनं माझ्या चित्रातल्या पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला बोट ठेवलं.

"आज भरती पावणेचाराक. तेवा चंद्र खय असता?"

"तेव्हा तो मावळलेला असतो. पृथ्वीच्या पलीकडे, आपल्या पायाखाली."

"पायाखाली आसा तर पाणी पायाखाली ओढूक व्हया. वर कित्या चढता?"

पलीकडच्या बाजूलाही पाणी फुगतं, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. का, ते मी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. चार दिवसांपूर्वीची मी असते तर म्हणाले असते, ते तुमच्या डोक्यावरून जाईल.

"मला माहीत नाही, भागीरथीताई," मी म्हटलं.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पुन्हा वाकून वाळू उपसायला लागली आणि सहज म्हणाली, "मगे शिका नि माका सांगा."

शिकायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं मिळाली, पण ती वाचून कळेनात. अखेर कॉलेजातल्या एका प्राध्यापकांच्या घरी तीन रविवार जाऊन बसले. जवळच्या पाण्याला चंद्र जास्त ओढतो, मधल्या पृथ्वीला थोडं कमी, आणि पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी; म्हणून पलीकडचं पाणी मागे राहतं आणि तिथंही फुगतं. ज्या संध्याकाळी हे मला खरोखर समजलं, त्या संध्याकाळी एसटीतून उतरले ती खोलीवर गेलेच नाही, तडक भागीरथीच्या अंगणात गेले. ती जाळं तुणत बसली होती. मी पुढ्यात बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. तिनं तीनदा अडवलं, तीनदा मला परत मागे जावं लागलं. मग तिनं हातातलं जाळं बाजूला ठेवलं आणि आत हाक मारली, "शेवंती, भायर ये गो. बाईंका आता पाणी कळला."

त्यानंतर मी सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली एकवीस नांदवेळलाच.